म्हाताऱ्या कुत्र्याला कायमचे घर मिळेपर्यंत सांभाळायचे कोणी?

घरातली वडीलधारी व्यक्ती जाते किंवा अंथरुणाला खिळते. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळूरुला. जुने घर बिल्डरला द्यायचे ठरते आणि सामानाची वाटणी होते. कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, सगळ्याला कोणी ना कोणी धनी मिळतो. उरतो तो अकरा वर्षांचा कुत्रा. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचा फोटो पडतो : ‘प्रेमळ घर हवे आहे, लसीकरण पूर्ण, कृपया शेअर करा.’ हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, फोन मात्र कोणी करत नाही. ‘आता या म्हाताऱ्या कुत्र्याले कोन नेते?’ हे उत्तर सगळ्यांनी मनात आधीच देऊन टाकलेले असते.

अकोल्यातील जठारपेठेसारख्या जुन्या, मध्यमवर्गीय वस्तीला हे चित्र अनोळखी नाही. अशा कुत्र्यासाठी थेट ‘कायमचे घर’ मागितले जाते आणि तिथेच गाडी अडते. आधी काही आठवड्यांसाठी तात्पुरते घर, त्याचा ठरलेला खर्च आणि तिथून पुढे कायमच्या घराचा शोध, असा क्रम लावला तर म्हाताऱ्या कुत्र्यालाही संधी मिळते. हा क्रम कसा लावायचा आणि त्यात कोणाची जबाबदारी काय, याचा हा आढावा.

‘फॉस्टर’ म्हणजे नेमके काय?

दत्तक घेणे म्हणजे कुत्रा शेवटपर्यंत आपला करणे. फॉस्टर म्हणजे तो ठरावीक काळासाठी घरी ठेवणे, त्याचे खाणेपिणे, फिरणे, औषधपाणी पाहणे आणि दरम्यान त्याला कायमचे घर शोधायला मदत करणे. मालकी सांभाळणाऱ्याकडे येत नाही. मुदत संपली की कुत्रा नव्या घरी जातो, दुसऱ्या फॉस्टरकडे जातो किंवा ज्याने दिला त्याच्याकडे परत जातो. ‘दोन दिवस ठेवा, मग बघू’ याला फॉस्टर म्हणत नाहीत. तो दुसऱ्याच्या गळ्यात लोढणे बांधण्याचा प्रकार आहे, आणि एकदा असा अनुभव आलेले घर पुन्हा दार उघडत नाही.

कुत्रा ‘म्हातारा’ कधी होतो?

सर्वसाधारण ठोकताळा सात वर्षांचा सांगितला जातो. पण लॅब्रेडोर, जर्मन शेफर्डसारखी मोठी कुत्री लवकर थकतात, पॉमेरेनियनसारखी छोटी कुत्री उशिरा. ‘अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशन’च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अपेक्षित आयुर्मानाचा शेवटचा चौथा हिस्सा म्हणजे म्हातारपण, असे धरले आहे. म्हणजे बारा वर्षे जगेल अशा कुत्र्याचे म्हातारपण नवव्या वर्षाच्या आसपास सुरू होते.

या वयात सांधे दुखतात, दात किडतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, ऐकू कमी येते, मूत्रपिंड कमकुवत होते, अंगावर गाठी दिसू लागतात. काही कुत्र्यांचे स्मृतिभ्रंशासारखे होते : रात्रभर येरझारा, कोपऱ्यात तोंड करून उभे राहणे, घरातच लघवी. हे ऐकून घाबरायला होते. पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाजूने सांगण्यासारखेही बरेच आहे. तो चपला कुरतडत नाही, त्याला बाहेर जायची वेळ कळते, दिवसातले बरेच तास तो झोपून काढतो. त्याचा स्वभाव कसा आहे, हे पहिल्या काही दिवसांतच समजते. पिल्लू मोठेपणी कसे निघेल, याची खात्री कोणालाच देता येत नाही.

तात्पुरत्या घराने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलाही गेला आहे. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच शेल्टरमधील २०७ कुत्र्यांना एक-दोन रात्रींसाठी घरी पाठवले. घरी असताना त्यांच्या शरीरातील कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण कमी झाले. शेल्टरमध्ये परतल्यावर ते पुन्हा आधीच्या पातळीवर आले. म्हणजे घरातली एक रात्रही कुत्र्याच्या शरीराला जाणवते.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला ५१ शेल्टरमधील अभ्यास आणखी बोलका आहे. ज्या कुत्र्यांना थोड्या वेळासाठी बाहेर फिरवून आणले, त्यांची दत्तक जाण्याची शक्यता सुमारे पाच पट होती. ज्यांना तात्पुरते घरी ठेवले गेले, त्यांची सुमारे चौदा पट. हे आकडे अमेरिकेतले आहेत आणि फक्त म्हाताऱ्या कुत्र्यांचे नाहीत. घरी नेण्यासाठी मुळात शांत कुत्री निवडली गेली असण्याचीही शक्यता आहे. तरीही त्यामागचे कारण अकोल्यातही लागू पडते. पिंजऱ्यामागे बसलेल्या किंवा बंद घराच्या फाटकाशी भुंकणाऱ्या कुत्र्याचा फोटो पाहून कोणी पुढे येत नाही. तोच कुत्रा कोणाच्या तरी ओसरीवर सतरंजीवर झोपलेला दिसला, शेजारच्या मुलाने त्याला पाणी पाजलेले दिसले, की तो ‘घरात राहू शकणारा’ कुत्रा ठरतो. घेणाऱ्याच्या मनातली पहिली शंका तिथेच मिटते.

रस्त्यावर सोडला तर काय बिघडले, कुत्राच आहे ना?

हा युक्तिवाद सर्रास ऐकू येतो. पण घरात वाढलेला कुत्रा आणि रस्त्यावरचा कुत्रा यांचे जगणे वेगळे असते. गल्लीतल्या कुत्र्याला आपली हद्द, अन्न मिळण्याची ठिकाणे, वाहनांचा अंदाज आणि टोळीतले आपले स्थान माहीत असते. दहा वर्षे पोळी-दूध आणि पंख्याखाली झोपलेल्या कुत्र्याला यातले काहीच माहीत नसते. गल्लीतली कुत्री त्याला हद्दीत घेत नाहीत. त्यात तो अधू असेल, तर वाहनापासून आणि चाव्यांपासून पळणेही त्याला जमत नाही. त्याला ‘मोकळा सोडणे’ म्हणजे मरायला सोडणे आहे, आणि ते तसेच म्हटले पाहिजे.

कायदाही हेच म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत कोणताही प्राणी सबळ कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये! कित्येक दशकांपूर्वीचा हा आकडा आजही पुस्तकात तसाच आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये ताब्यातील प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसांना धोका निर्माण केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव कुत्र्याचे लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी ठरवली आहे. पण मालकाला कुत्रा सांभाळणे अशक्य झाले, तर त्याने कोणाकडे जायचे, याची सोपी वाट यापैकी कशातच नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर काय बदलले?

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये दिलेल्या आदेशांनी शेल्टरचा प्रश्न ऐरणीवर आणला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सर्व भटकी कुत्री शेल्टरमध्ये हलवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता बाकीची नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावीत, असे सांगितले आणि सर्व राज्यांना या प्रकरणात सामील करून घेतले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानकांच्या आवारातील कुत्री हलवून शेल्टरमध्ये ठेवण्याचे आणि पुन्हा तिथे न सोडण्याचे निर्देश आले.

याचा म्हाताऱ्या पाळीव कुत्र्याशी संबंध काय? संबंध जागेचा आहे. शेल्टरमधली प्रत्येक जागा आता सार्वजनिक ठिकाणच्या कुत्र्यांसाठी लागणार आहे. जिथे पुरेशी शेल्टरच नाहीत, तिथे घरातून काढलेल्या बारा वर्षांच्या लॅब्रेडोरचा क्रमांक कधी लागणार? आणि लागला तरी अनोळखी कुत्र्यांच्या गर्दीत, सिमेंटच्या फरशीवर, साथीच्या आजारांच्या छायेत त्याचे काय होणार? २२ ऑगस्टच्या आदेशात दत्तक घेण्याची वाटही सांगितली आहे. इच्छुकांनी महापालिकेकडे अर्ज करायचा, कुत्र्याला ओळखचिन्ह लावून तो सोपवला जाणार आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी अशी नोंद होऊ शकते, तर घर सुटलेल्या कुत्र्यासाठीही व्हायला हवी.

अकोल्यासारख्या शहरात हे शक्य आहे?

शक्य आहे, आणि मोठ्या शहरांपेक्षा काही बाबतींत सोपे आहे. जठारपेठ, रामदासपेठ यांसारख्या भागांत अजूनही अंगण, ओसरी, तळमजला असलेली घरे आहेत. सांधे दुखणाऱ्या कुत्र्यासाठी तळमजला ही मोठीच सोय. अनेक घरांत मुले बाहेरगावी आणि दोघेच ज्येष्ठ, दिवसभर घरात माणूस असलेले. अशी घरे पिल्लू घ्यायला कचरतात आणि ते योग्यच आहे. सत्तरीत पंधरा वर्षांची जबाबदारी कोण घेणार? पण तीन महिन्यांसाठी शांत, वयस्क कुत्रा हा वेगळा हिशेब आहे. शिवाय महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था याच शहरात आहे. पशुवैद्यकांची पुढची पिढी जिथे घडते, त्या शहरात वृद्ध प्राण्यांच्या काळजीचे मार्गदर्शन मिळणे अवघड नसावे.

अडचण आहे ती उन्हाची. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांवर गेल्यावर अकोला जिल्हा प्रशासनाला उष्णतेमुळे जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले होते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो शरीर थंड करतो. म्हातारे हृदय आणि थकलेली फुप्फुसे असतील, तर हेही अपुरे पडते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे हाल तर विचारूच नयेत. म्हणून मार्च ते जून या काळात फिरणे उजाडताना आणि दिवस मावळल्यावरच. डांबरी रस्त्यावर तळहात काही सेकंद टेकवता येत नसेल, तर कुत्र्याचा पंजाही तिथे टिकत नाही. गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बांधून ठेवायचे असेल, तर उन्हाळ्यात फॉस्टर घेऊच नये.

एक आठवणही इथे करून द्यायला हवी. अकोल्यात गोरक्षण रोड आहे. भाकड झालेले, कामातून गेलेले जनावर समाजाने मिळून पोसायचे, ही कल्पना या शहराला परकी नाही. घराची राखण करून थकलेल्या कुत्र्याला मात्र त्या कल्पनेत कधी जागा मिळाली नाही.

खर्च कोणी करायचा?

खरा प्रश्न हाच आहे आणि त्यावरच सगळे मौन पाळतात. आजची रीत अशी : ज्याने कुत्रा सोडला तो मोकळा, आणि ज्याने दया दाखवली त्याच्या माथी खर्च. रक्ततपासणी, दातांचे उपचार, सांधेदुखीचे औषध, मूत्रपिंडासाठीचे वेगळे खाणे हे सगळे त्याच्याच खिशातून. ही रीत अन्यायाची आहे आणि त्यामुळेच फॉस्टर घरे तयार होत नाहीत. साधा नियम असावा : जागा आणि वेळ सांभाळणाऱ्याने द्यावा, पैसा सोडणाऱ्याने. ज्या कुटुंबाने दहा वर्षे कुत्र्याचे प्रेम घेतले, त्याने कायमचे घर मिळेपर्यंत दरमहा खाण्याचा आणि दवाखान्याचा खर्च पाठवावा. पुण्या-मुंबईतल्या नोकरदार मुलांना हे बहुतेक वेळा परवडते. परवडत नाही ती अपराधी भावना, म्हणून संपर्कच तोडला जातो.

जिथे मालकच उरला नाही किंवा त्याची ऐपत नाही, तिथे गल्लीने मिळून भार उचलावा. गणपतीची वर्गणी गोळा करण्याचा अनुभव प्रत्येक गल्लीला आहे. दहा घरांनी थोडेथोडे दिले, तर एका कुत्र्याचा महिना निघतो आणि ‘हा आपल्या गल्लीचा कुत्रा’ ही भावनाही तयार होते.

सुरुवातीलाच साध्या कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सह्या कराव्यात :

• मुदत किती? तीन महिने ही सुरुवातीला योग्य मुदत. ती संपण्याच्या पंधरा दिवस आधी पुढचे ठरवावे.

• दरमहा किती रक्कम, कोणत्या तारखेला, कोण पाठवणार?

• अचानक मोठा उपचार लागला तर निर्णय कोणाचा आणि पैसे कोणाचे?

• सांभाळणारा आजारी पडला किंवा गावाला गेला तर दुसरे घर कोणते?

• कुत्रा नव्या घरी देण्याचा अंतिम निर्णय कोण घेणार?

ओळखीत कागद कशाला, असे वाटते. पण ओळखीतच सगळ्यात जास्त भांडणे होतात.

घरी आणण्याआधी काय पाहावे?

सर्वांत आधी घरातल्या सगळ्यांची संमती. विशेषतः जिच्यावर प्रत्यक्ष काम पडणार तिची. ‘ठेवून घेऊ’ म्हणणारे वेगळे आणि पहाटे पाच वाजता फरशी पुसणारे वेगळे, असे व्हायला नको.

कुत्र्याबरोबर त्याचे लसीकरणाचे कार्ड, जुनी औषधे, रोजचे खाणे, पट्टा आणि त्याचे अंथरूण यावे. त्या अंथरुणाला त्याच्या घराचा वास असतो. पहिल्या आठवड्यातच पशुवैद्यकाकडे नेऊन वजन, रक्त, लघवी, दात, डोळे आणि गोचीड तपासून घ्यावेत. गोचिडांमुळे होणारा ताप म्हाताऱ्या कुत्र्याला झटकन खाली बसवतो. रेबीजची लस चालू आहे का, हे कागदावर पाहावे, तोंडी सांगण्यावर नाही.

• खाणे एकदम बदलू नये. आधीचे खाणे आठवडाभरात हळूहळू कमी करत नवे वाढवावे. केवळ दूध-पोळीवर म्हातारा कुत्रा तगत नाही. त्याला प्रथिने लागतात आणि दूध अनेक कुत्र्यांना पचत नाही.

• कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट देऊ नये.

• माणसांची वेदनाशामके कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉलची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.

• गुळगुळीत टाइल्सवर सतरंजी किंवा चटई अंथरावी. दिसत नसलेल्या कुत्र्यासाठी घरातले सामान सारखे हलवू नये.

• ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला मागून हात लावू नये. दचकून तो चावू शकतो. लहान मुलांना हे आधी शिकवावे.

चावा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन थेट सर्वोपचार रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गाठावा. कुत्रा लस घेतलेला असला, तरी डॉक्टरांचा सल्ला टाळू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

प्राण्यांसाठी काम करणारे लोक रुळण्याच्या तीन टप्प्यांबद्दल सांगतात : पहिले तीन दिवस भेदरलेले, तीन आठवड्यांत दिनक्रम समजतो, तीन महिन्यांत घर आपले वाटते. हा नियम नाही, अंदाज आहे. पण पहिल्या दिवशी कुत्रा जेवला नाही म्हणून ‘याला इथे आवडत नाही’ असा निष्कर्ष काढून तो परत करणाऱ्यांनी हा अंदाज लक्षात ठेवायला हवा. जुन्या मालकाच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्या प्राण्याला दुसऱ्याच दिवशी पुन्हा घर बदलायला लावणे ही मदत नव्हे.

कायमचे घर कसे शोधावे?

खरे सांगून. अकरा वर्षांचा कुत्रा ‘सहा वर्षांचा’ म्हणून दिला, की महिनाभरात तो परत येतो आणि या वेळी आणखी खचलेला असतो. जाहिरातीत वय, आजार, औषधांचा महिन्याचा खर्च आणि सवयी स्पष्ट लिहाव्यात. ‘रात्री एकदा बाहेर न्यावे लागते, मांजरांशी जमत नाही, फटाक्यांना घाबरतो’ असे लिहिल्याने फोन कमी येतात, पण जे येतात ते खरे असतात. फॉस्टर घराचा मोठा फायदा इथे आहे : ही माहिती फक्त त्याच्याकडेच असते.

नव्या घराला आधी भेट द्यावी. भाड्याचे घर असेल तर मालकाची परवानगी पाहावी. सोसायटीने कुत्र्यांवर सरसकट बंदी घातली असेल, तर तिला कायद्याचा आधार नाही. बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. कुत्रा पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर प्रवासाचा विचार आधी करावा. रेल्वेत पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित केले तरच कुत्रा सोबत नेता येतो. एरवी त्याला ब्रेकव्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये रात्र काढावी लागते. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी, तेही उन्हाळ्यात, हा पर्याय टाळलेलाच बरा. म्हणून घर शक्यतो अकोला, अमरावती, शेगाव, खामगाव या टप्प्यात शोधावे.

आणि घर मिळालेच नाही तर?

ही शक्यता खरी आहे आणि ती लपवू नये. तीन महिने हा तरुण कुत्र्यासाठी छोटा काळ आहे. अकरा वर्षांच्या कुत्र्यासाठी तो उरलेल्या आयुष्याचा मोठा तुकडा आहे. तो तुकडा सावलीत, पोटभर आणि माणसांत गेला असेल, तर पुढे काय झाले यावर फॉस्टरचे यश-अपयश ठरत नाही.

अमेरिकेत यावर एक तोडगा रुळला आहे. टेनेसीतील ‘ओल्ड फ्रेंड्स सीनियर डॉग सँक्च्युअरी’ ही संस्था कुत्रे कायमच्या फॉस्टरमध्ये देते : कुत्रा शेवटपर्यंत त्या घरी, पण दवाखान्याचा भार संस्थेवर. सॅन फ्रान्सिस्कोत २००७ पासून काम करणारी ‘मटव्हिल’ ही संस्था फक्त म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी आहे. ६२ वर्षांवरील माणसांना ती दत्तक शुल्क माफ करते. म्हणजे म्हातारी माणसे आणि म्हातारी कुत्री एकमेकांना सोबत देतात. अकोल्यात अशी संस्था उभी राहण्याची वाट पाहण्याची गरज नाही. सोडणाऱ्या कुटुंबाने खर्च शेवटपर्यंत देण्याचे मान्य केले, तर एका घरापुरती हीच व्यवस्था आजही होते.

असाध्य वेदना असतील, तर दयामरणाचा निर्णय पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घ्यावा लागतो. पण ‘घर मिळत नाही’ हे दयामरणाचे कारण होऊ शकत नाही.

‘माणसांनाच औषध नाही, तिथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात?’

हा आक्षेप पोकळ नाही. शेतकरी आत्महत्यांची झळ सोसलेल्या वऱ्हाडात तो गांभीर्यानेच घ्यायला हवा. पण फॉस्टरमध्ये सरकारी तिजोरीतला पैसा जात नाही, रुग्णालयातली खाट अडत नाही. ज्याने प्राणी पाळला त्याने त्याची तोंडमिळवणी शेवटपर्यंत करावी, एवढीच मागणी आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी भुकेल्याला अन्न आणि बेघराला आसरा सांगितला, त्याच दशसूत्रीत मुक्या प्राण्यांना अभयही सांगितले. त्यांना या दोन्हींत विरोध दिसला नव्हता. आणि म्हाताऱ्या कुत्र्याला सोडून देणाऱ्या घरात म्हाताऱ्या माणसांकडे कसे पाहिले जाते, ते घरातली मुले पाहतच असतात.

आता काय करता येईल?

उद्योगपती रतन टाटा यांनी आपल्या इच्छापत्रात ‘टिटो’ या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद करून ठेवली होती, असे त्यांच्या निधनानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याचे कौतुक झाले. पण त्यासाठी टाटा असावे लागत नाही. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाने ‘माझ्यानंतर हा कोणाकडे’ हे एका चिठ्ठीत लिहून, त्या माणसाला विचारून ठेवले, तरी पुष्कळ कुत्री वाचतील.

महापालिकेसाठीही दोन कामे सुचवण्यासारखी आहेत, आणि दोन्हींना फारसा पैसा लागत नाही. पहिले, पाळीव कुत्र्याच्या परवान्याच्या अर्जात एक रकाना वाढवावा : मालक असमर्थ झाल्यास सांभाळ करणाऱ्याचे नाव, फोन आणि सही. दुसरे, प्रभागनिहाय तात्पुरता सांभाळ करायला तयार असलेल्या घरांची यादी ठेवावी आणि ती पशुवैद्यकांकडे द्यावी. जठारपेठेसारख्या एका भागात पाच घरे जरी नोंदली गेली, तरी पुढच्या वेळी घर रिकामे करताना त्या कुटुंबाकडे फाटक उघडून देण्याखेरीज दुसरा मार्ग असेल. मग ‘दुसरा मार्गच नव्हता’ ही सबबही उरणार नाही.